वारशाने आलेले घर: नाव कोणाचे, हक्क कोणाचा, कर कोणाला

घरातील कर्ता माणूस गेल्यानंतर दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच मालमत्तेचे प्रश्न सुरू होतात, आणि त्यांतला पहिला प्रश्न बहुधा सोसायटीच्या कार्यालयातून येतो: नॉमिनी कोण आहे? फॉर्मवर थोरल्या मुलाचे नाव असते, म्हणून घर थोरल्याचे झाले असे तो मुलगा मानतो, त्याची पत्नी मानते आणि पुष्कळदा सोसायटीचे सचिवही मानतात. कायदा तसे मानत नाही. सोसायटीचे सभासदत्व, महापालिकेची घरपट्टी, सातबारावरील नोंद, प्रत्यक्ष ताबा आणि मालकी या पाच स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांतील एकीवर नाव लागले म्हणून बाकीच्या चार आपोआप मिळत नाहीत, आणि आयकर खाते तर या सगळ्यांपलीकडे जाऊन विक्रीचा नफा खरोखर कोणाच्या वाट्याला आला एवढेच पाहते. बहुतेक कौटुंबिक भांडणे आणि करखात्याच्या बऱ्याच नोटिसा या गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा, देखभाल खर्चाचे बिल कोणाच्या नावे काढायचे, सभेची नोटीस कोणाला पाठवायची, एवढ्यापुरती सोय नामनिर्देशनाने होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १५४ब-१३ प्रमाणे मृत सभासदाचा हक्क मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतरित होतो, किंवा नॉमिनीच्या नावे होतो. मात्र कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका सदनिकेच्या प्रकरणात संस्थेने नॉमिनीच्या नावे हस्तांतर केलेच पाहिजे असे सांगितले, तेव्हा नॉमिनीच मालक झाला असा अर्थ अनेकांनी काढला. त्याच निकालात इतर वारसांना आपला हक्क न्यायालयात मांडण्याची मोकळीक ठेवली आहे, ही गोष्ट सांगताना गळते. विमा, बँकेतील ठेवी आणि शेअर यांबाबतही न्यायालयांची भूमिका साधारण हीच राहिली आहे. शेअरविषयीचा संभ्रम डिसेंबर २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला.

तेव्हा वडिलांनी फॉर्मवर एका मुलाचे नाव लिहिले असेल आणि मृत्युपत्र केले नसेल, तर तो मुलगा इतर वारसांच्या वतीने घर सांभाळणारा विश्वस्त ठरतो. त्याने एकट्याने ते घर विकले, तर स्वतःच्या वाट्यापेक्षा अधिक हक्क तो खरेदीदाराला देऊच शकत नाही. जुने घर घेणाऱ्याने म्हणूनच सोसायटीचे ना-हरकत पत्र हाती आले की निर्धास्त होऊ नये. सभासदाचे निधन झाले असेल तर सगळे वारस कोण आणि ते दस्तावर सह्या करणार आहेत का, हे आधी विचारावे.

आजीचा चौथा हिस्सा

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे त्याची स्वतःची मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखी वाटली जाते. पत्नी, मुलगे आणि मुली हे वारस सर्वांच्या लक्षात असतात. याच वर्गात मृताची आई आहे, हे मात्र घरोघरी विसरले जाते. वडील या वर्गात नाहीत.

हा विसर किती महाग पडतो ते एका उदाहरणाने पाहू. पुण्यातील एका गृहस्थांनी १९९२ मध्ये स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला. ते वारले तेव्हा मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि ऐंशी पार केलेली आई होती. फ्लॅटचे चार सारखे हिस्से झाले आणि आईला चौथा मिळाला. कोणी त्याचा विचार केला नाही, कारण आजी घरातच होत्या आणि त्यांना कशाचीच अपेक्षा नव्हती. दोन वर्षांनी आजी गेल्या. आता त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो आणि हिंदू स्त्रीच्या बाबतीत कलम १५ लागू होते: मुलगे, मुली, आधी वारलेल्या मुलामुलींची मुले, आणि पती हयात असल्यास पती. आजींना तीन अपत्ये असतील, तर त्या चौथ्या हिश्शाचे तीन भाग पडतात. काकांना बारावा हिस्सा, आत्याला बारावा हिस्सा आणि आधी वारलेल्या मुलाच्या दोन मुलांना प्रत्येकी चोविसावा हिस्सा. काका आणि आत्या आजवर या फ्लॅटच्या कागदपत्रांत कुठेही नव्हते. आता मात्र त्यांच्या सह्यांवाचून निर्वेध विक्री होऊ शकत नाही. आजी हयात असताना त्यांनी नोंदणीकृत हक्कसोड पत्र दिले असते किंवा मृत्युपत्र केले असते, तर हा गुंता झालाच नसता.

वडिलांनी कमावलेल्या घराला सरसकट वडिलोपार्जित म्हटले जाते, आणि मग नातू सांगतो की माझा जन्मतःच त्यात हिस्सा आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत १९५६ नंतर कलम ८ खाली मुलाकडे आली, तर ती त्या मुलाची स्वतंत्र मिळकत असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच स्पष्ट केले आहे. नातवाला वडील हयात असताना तीत वाटा मागता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या सहदायकी, म्हणजे जन्मतःच सामाईक हक्क असलेल्या, मिळकतीची गोष्ट निराळी. तिथे मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला होता, केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने पक्के झाले. लग्नात दिले-घेतले, म्हणून मुलीचा हिस्सा संपला, हे म्हणणे कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना त्यांचे वेगळे नियम लागू होतात. उदाहरणार्थ, मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक-तृतीयांश मिळकतीपुरतेच मृत्युपत्र करता येते.

दस्तावर पती-पत्नी दोघांची नावे असली, तर पहिले नाव मालकाचे आणि दुसरे सोयीचे, अशीही एक समजूत आहे. सोसायटीत मतदानाचा मान पहिल्या नावाला मिळतो, मालकी त्यावरून ठरत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे वेगवेगळ्या पैशांतून घेतलेल्या मिळकतीत ज्याने जेवढी रक्कम घातली तेवढा त्याचा हिस्सा असतो, आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर हिस्से सारखे धरले जातात. म्हणून दस्तातच हिश्शाची टक्केवारी लिहून ठेवणे शहाणपणाचे.

सातबारा काय सांगतो आणि काय सांगत नाही

शेतजमिनीचा सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये भोगवटादाराचे, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याचे, नाव, क्षेत्र आणि आकार म्हणजे शेतसारा असतो. बारामध्ये पिकांची नोंद. वारसांनी तो वाचताना तीन जागांकडे नीट पाहावे. पहिली जागा नावाशेजारच्या फेरफार क्रमांकाची, म्हणजे नोंदीतील बदलाच्या क्रमांकाची. हे नाव कोणत्या कारणाने लागले, खरेदीने, वारसाने, वाटपाने की न्यायालयाच्या हुकमाने, हे तो फेरफार काढल्याशिवाय कळत नाही. कंसात टाकलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव, आणि ते का कमी झाले हेही फेरफारातच सापडते. दुसरी जागा इतर अधिकारांची. गावच्या कर्जपुरवठा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचा उल्लेख, विहिरीतील हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम हे सगळे तिथे असते. तिसरी जागा भोगवटादाराच्या वर्गाची. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही, आणि गावाकडे ती सर्रास इसारपावतीवर विकली जाते.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्याचे एकट्याचे नाव तेव्हा लागले, धाकट्यांची लागली नाहीत. पुढच्या पिढीत त्याचीच मुले वारस म्हणून चढतात आणि धाकट्यांचा वंश उताऱ्यावरून नाहीसा होतो. तो हक्कातून मात्र नाहीसा होत नाही. महसुली नोंद ही सारावसुलीसाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हापुन्हा सांगितले आहे. नोंद चुकीची असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते, इतके वजन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ तिला देते, आणि म्हणूनच ती वेळेवर दुरुस्त करून घेणे महत्त्वाचे ठरते. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायचे. नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. २०२५ मध्ये राज्यभर झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम ही मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठीच होती.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारशाने मिळायला आडकाठी नाही. परदेशस्थ भारतीयालाही शेतजमीन वारशाने मिळते; ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

घरपट्टीच्या पावतीला तर सातबाराइतकेही वजन नाही. ताब्याचेही तसेच. धाकटा भाऊ वीस वर्षे त्या घरात एकटा राहिला, म्हणून बारा वर्षांच्या मुदतीच्या नियमाने तो मालक झाला, हे चूक आहे. सहमालकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असतो. इतरांचा हक्क त्याने उघडपणे, त्यांना कळेल अशा रीतीने नाकारला आणि त्यानंतर बारा वर्षे लोटली, तरच प्रतिकूल ताब्याचा मुद्दा निघतो. भाडे देणाऱ्या भाडेकरूला तो मुद्दा मांडताच येत नाही.

कोणता दस्त कशासाठी

वारसांपैकी एकाला आपला हिस्सा इतरांना द्यायचा असेल तर हक्कसोड पत्र, प्रत्येकाला वेगळा तुकडा हवा असेल तर वाटणीपत्र, आणि वारस नसलेल्याला द्यायचे असेल तर बक्षीसपत्र. तिन्हींची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ मधील शंभर रुपयांची मर्यादा आजही तीच असल्याने व्यवहारात प्रत्येक घर तीत येते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे हजर करावा लागतो, त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरून. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेले हक्कसोड पत्र मालकी हलवत नाही. जवळच्या नात्यातील विनामोबदला हक्कसोड आणि पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना दिलेले राहत्या घराचे किंवा शेतजमिनीचे बक्षीस यांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, तेव्हा ते वाचवण्यासाठी नोटरी गाठण्यात काही अर्थ नाही. एकदा नोंदवलेले हक्कसोड पत्र एकतर्फी रद्द करता येत नाही. बहिणींनी भावाच्या शब्दावर सही करण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

मृत्युपत्राला मुद्रांकही लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात. न्यायालयात गेल्यास किमान एकाला येऊन साक्ष द्यावी लागते, म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. कुलमुखत्यारपत्राबद्दल, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या दस्ताबद्दल, इतकेच की, ते आणि करारनामा एवढ्यावर घर विकत घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे, आणि मुखत्यारपत्र देणारा वारला की साधारणपणे त्याचे अधिकारही संपतात. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच मुखत्यारपत्रावर घर विकण्याचा उद्योग कोणी सुचवला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

कर: मिळताना नाही, विकताना आहे

भारतात वारसा कर नाही. १९५३ च्या कायद्याने आलेले मृत्यू संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले आणि संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेले घर हे उत्पन्न नाही. जवळच्या नातेवाइकाने बक्षीस दिलेलेही नाही. त्या घराचे भाडे मात्र उत्पन्न आहे आणि ते ज्याच्या खात्यात येते त्याचे एकट्याचे नसून, हिस्से निश्चित असतील तर प्रत्येक सहमालकाचे त्याच्या हिश्शाइतके आहे. भरलेली घरपट्टी आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते.

खरा हिशेब विक्रीच्या वेळी असतो. पुढील कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम, १९६१ मधील आहेत, कारण लोकांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत.

पुण्याच्या त्याच फ्लॅटकडे वळू. समजा आजींनी वेळीच नोंदणीकृत हक्कसोड पत्र दिले, आणि पत्नी, मुलगा व मुलगी असे तिघे प्रत्येकी एक-तृतीयांशाचे मालक झाले. २०२५-२६ या वर्षात त्यांनी फ्लॅट ८० लाखांना विकला. वारसाला घर फुकट मिळाले, तर त्याची खरेदी किंमत शून्य धरायची का? नाही. मूळ मालकाची किंमत हीच वारसाची किंमत, आणि मूळ मालकाने घर जितकी वर्षे बाळगले तीही वारसाच्या खात्यात धरली जातात. वडील जाऊन सहा महिने झाले असले तरी नफा दीर्घकालीनच ठरतो. त्यासाठी स्थावर मालमत्तेला २४ महिन्यांहून अधिक काळ लागतो. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते, पण ते त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त चालत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या दाखल्याबरोबर २००१ च्या रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांकासाठीच्या सरकारी दरपत्रकाचे, पानही म्हणूनच जवळ ठेवावे.

समजा २००१ चे ते मूल्य ६ लाख निघाले. नफा ७४ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ९ लाख २५ हजार. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दुसरा हिशेबही करता येतो: महागाई निर्देशांकाने किंमत वाढवायची आणि २० टक्के दराने कर काढायचा. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार झाले, नफा ५७ लाख ४४ हजार आणि कर सुमारे ११ लाख ४९ हजार. इथे साडेबारा टक्केच स्वस्त. आता २००१ चे मूल्य १२ लाख धरा. पहिल्या रीतीने कर ८ लाख ५० हजार, दुसऱ्या रीतीने सुमारे ६ लाख ९८ हजार. गणित मांडले तर असे दिसते की, २०२५-२६ मधील विक्रीसाठी किंमत २००१ च्या मूल्याच्या साधारण ८.३६ पटींहून अधिक वाढली असेल तर निर्देशांकाविना १२.५ टक्के परवडतात, त्याहून कमी वाढली असेल तर निर्देशांकासह २० टक्के. चांगल्या वस्तीतल्या घरांचे उत्तर पहिले आणि वीस-पंचवीस वर्षांत भाव रेंगाळलेल्या गावांतील घरांचे दुसरे, असे पुष्कळदा घडते. या आकड्यांवर ४ टक्के उपकर वेगळा, आणि उत्पन्न मोठे असल्यास अधिभार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, ही सवलत घराच्या विक्रीतील नफ्याला मिळत नाही. या भरवशावर विवरणपत्र भरून मोकळे होऊ नये.

हा नफा तिघांत वाटून प्रत्येकाने आपल्या विवरणपत्रात दाखवायचा असतो. पहिल्या उदाहरणात प्रत्येकी सुमारे २४ लाख ६७ हजार. सगळी रक्कम आईच्या खात्यात जमा झाली म्हणून सगळा कर तिने भरायचा, असे नाही. वाटून दाखवण्याचा लाभही आहे: कलम ५४ईसी खालील रोख्यांची ५० लाखांची मर्यादा प्रत्येक वारसाला स्वतंत्र मिळते, त्यामुळे या तिघांना ठरवल्यास सगळाच नफा करमुक्त करता येईल. हे रोखे विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात आणि पाच वर्षे अडकतात. दुसरा मार्ग कलम ५४ चा: विक्रीआधी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत भारतात दुसरे घर घेणे, अथवा तीन वर्षांत बांधणे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळाले नाही तर रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. ती साध्या बचत खात्यात ठेवली, म्हणून सवलत वादात सापडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

गावाकडची शेतजमीन या सगळ्यातून सुटते, जर ती नगरपालिका हद्दीपासून ठरलेल्या अंतराबाहेर असेल: दहा हजार ते एक लाख वस्तीसाठी २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६ आणि त्यापुढे ८.

आता खरेदीदाराच्या बाजूने. विक्रेता निवासी असेल आणि व्यवहार ५० लाखांचा किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. तीन वारसांचे प्रत्येकी २६ लाख ६७ हजार होतात, म्हणून ही अट लागू नाही, असा युक्तिवाद पूर्वी चाले. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व विक्रेत्यांची रक्कम एकत्र मोजली जाते. मुलगा अमेरिकेत स्थायिक असेल, तर त्याच्या हिश्शाला ५० लाखांची मर्यादाच नाही. पहिल्या रुपयापासून कर कापावा लागतो आणि दरही १२.५ टक्के अधिक उपकर असा असतो. कापणी नफ्यावर व्हावी अशी अपेक्षा असली, तरी आयकर खात्याचे कमी कपातीचे प्रमाणपत्र हातात नसेल तर सावध खरेदीदार पूर्ण रकमेवर कापतो. प्रमाणपत्रासाठी अर्ज विसार घेण्याच्या सुमारासच करावा. परदेशस्थाला निर्देशांकाचा पर्याय नाही, त्यामुळे वरच्या १२ लाखांच्या उदाहरणात बहिणीचा कर सुमारे २ लाख ३३ हजार आणि त्याच घरातील त्याच हिश्शावर भावाचा २ लाख ८३ हजार होतो. विक्रीची रक्कम त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशस्थाच्या भारतातील रुपयांच्या खात्यात, जमा होते आणि कर भरल्यावर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत परदेशी नेता येते. सहीसाठी त्याने तिकडून पाठवलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते, एवढी तारीख सांभाळावी.

किंमत कमी दाखवून उरलेली रोख घेण्याचा मोह अजून गेलेला नाही. मुद्रांक मूल्य करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल तर विक्रेत्याचा नफा मुद्रांक मूल्यावर मोजला जातो आणि खरेदीदाराच्या हाती तोच फरक उत्पन्न ठरतो. एकाच रकमेवर दोघांनाही कर. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

गोव्याचे वेगळे गणित

वर सांगितलेला वारशाचा भाग गोव्यातील कुटुंबाला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे, वारशाचे नियम आता २०१२ च्या राज्य कायद्यात आहेत आणि वाटणीसाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटप करण्याची, न्यायालयीन प्रक्रिया आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मिळकत, सासर-माहेरहून वारशाने आलेलीही, साधारणपणे दोघांची निम्मी-निम्मी असते. म्हणून एकाच्याच नावावर असलेल्या घराच्या विक्रीलाही दुसऱ्याची सही लागते. एकाच्या मृत्यूनंतर निम्मे जोडीदाराचे स्वतःचेच असते, वारसा उघडतो तो उरलेल्या निम्म्याचा, आणि मुले असतील तर त्यातलाही अर्धा भाग मृत्युपत्राने त्यांच्यापासून तोडता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवेकराच्या गोव्याबाहेरील मिळकतीलाही हेच नियम लागू होतात असे ठरवले. तेव्हा मुंबईत किंवा पुण्यात गोमंतकीयाचा फ्लॅट घेताना वारसांची यादी गोव्याच्या कायद्याने तपासावी लागते. आयकर कायद्यानेही ही व्यवस्था मान्य केली आहे. कलम ५अ प्रमाणे अशा जोडप्याचे पगाराखेरीज इतर उत्पन्न, घरभाडे आणि घर विकून झालेला नफा धरून, दोघांत निम्मे विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे असते, मग दस्तावर नाव एकाचेच का असेना.